जाळ्यात सापडणारे अनाहूत कासव

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यास सागरी कासवांशी काय कर्तव्य आहे, असा प्रश्न हा लेख हाती घेणाऱ्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या दिवसांत कपाशीवरील बोंडअळी, तुरीवरील मर रोग किंवा संत्र्याची फळगळ यांविषयी लिहिणे अधिक उचित झाले असते, असेही कोणी म्हणेल. त्या विषयांवर आपल्या पत्रिकेत वारंवार लिहिले जाते व पुढेही लिहिले जाईल. आज मी हा वेगळा विषय घेतला आहे, त्याचे कारण सेलू तालुक्यातील एका गावतलावावर मला जे पाहावयास मिळाले ते होय.

कार्तिक महिन्यातील ती सकाळ होती. हरभऱ्याची पेरणी पाहण्यासाठी मी त्या गावी मुक्कामास होतो. तेथील तलाव मत्स्य व्यवसाय सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेला असून त्यात रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडलेले आहे. आदल्या संध्याकाळी पाण्यात लावलेले तंगुसाचे जाळे संस्थेचे सभासद ओढून काढीत होते. मासळी बेताचीच होती. परंतु जाळ्याच्या एका टोकास दोन कासवे गुरफटलेली निघाली. त्यांतील एक मेलेले होते. दुसरे पाय ताणून धडपडत होते व त्या धडपडीत तंगूस त्याच्या मानेभोवती अधिकच आवळला जात होता. संस्थेतील एका वृद्ध सभासदाने कमरेचा चाकू काढला, जाळे दोन हात लांबीने फाडले आणि कासवास पाण्यात सोडून दिले. त्याचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा उतरला, कारण ते जाळे त्याने उसनवारीने आणलेले होते. "साहेब, कासव घुसलं का जाळ्याचा सत्यानास होते," वृद्ध म्हणाला, "पन जित्तं हाय तं सोडाच लागते."

मेलेले कासव कशाने मेले, असे मी विचारले. ते बुडून मेले, हे त्याचे उत्तर ऐकून भोवतालच्या मंडळींत हशा पिकला. पाण्यातील प्राणी पाण्यात कसा बुडेल? परंतु त्या वृद्धाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माशास कल्ले असतात. कासवास फुप्फुसे असतात. ते कितीही वेळ पाण्याखाली राहत असले तरी अधूनमधून नाक वर काढून त्यास श्वास घ्यावाच लागतो. रात्रभर जाळ्यात अडकून पडलेल्या कासवास तेवढी एक गोष्ट करता येत नाही. धडपडीने त्याच्या अंगातील श्वास लवकर संपतो आणि उन्हाळ्यात पाणी तापलेले असताना तो त्याहूनही लवकर संपतो.

कोकणच्या किनाऱ्यावर व ओडिशापुढील बंगालच्या उपसागरात कित्येक दशके हेच मोठ्या प्रमाणावर घडत आले आहे. तेथे जाळे तंगुसाचे नसून यांत्रिक नौकेमागून समुद्राच्या तळालगत ओढत नेलेले पिशवीसारखे असते. त्यास ट्रॉल म्हणतात. कोळंबीसाठी टाकलेले हे जाळे दोन-दोन, तीन-तीन तास पाण्याखाली राहते. वाटेत येणारे ऑलिव्ह रिडले जातीचे कासव त्यात शिरले की पिशवीच्या टोकाशी जाऊन पडते व जाळे वर घेईपर्यंत गुदमरून मरते. मच्छीमारास ते नको असते. त्याचा त्यास काडीचा लाभ नाही. उलट कोळंबी चिरडली जाते, जाळे फाटते आणि कायद्याचे भय मागे लागते ते निराळेच. मारणाऱ्याची इच्छा नसताना घडणारी ही हत्या आहे, आणि म्हणूनच नुसत्या उपदेशाने ती थांबत नाही.

समुद्र व वर्धा यांचा संबंध केवळ उपमेपुरता नाही. धाम, बोर, वणा यांचे पाणी वर्धा नदीस मिळते, वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. त्या उपसागरातील कासवे आपल्या कोकणातही येतात, हे आता सिद्ध झाले आहे. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. दोहोंमधील अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे. म्हणजे एका राज्याने अंडी जपावी आणि दुसऱ्या राज्याच्या जाळ्याने मादी बुडवावी, असे झाले तर सारा खटाटोप व्यर्थ जातो.

अंडी जपण्याचे काम आपल्या राज्यात प्रशंसनीय झाले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने श्री. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली मंडणगड तालुक्यातील वेळास येथे हे कार्य सुरू केले. पूर्वी जी अंडी चोरून नेली जात, ती आता गावकरीच जपतात आणि पिले समुद्रात जाताना पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांमुळे गावास चार पैसेही मिळतात. कासवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीने वाढविते, अशी आपल्याकडील समजूत आहे. सागरी कासवी मात्र वाळूत शंभरावर अंडी घालून मागे न पाहता निघून जाते व पिले आपल्या बळावर पाण्याकडे धावतात. त्या हजार पिलांतून एखादेच वाढून मोठे होते, असे मानले जाते.

येथेच एक शास्त्रीय मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत डेबोरा क्राऊस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली लॉगरहेड जातीच्या सागरी कासवांचे गणित मांडून दाखविले की, घरट्यांतील सर्व अंडी वाचविली तरी कासवांची घट थांबणार नाही. ती थांबवायची तर वाढीस लागलेली व मोठी कासवे जाळ्यात मरणे कमी झाले पाहिजे. आष्टी-कारंजाकडील बागाईतदारास हे समजावून सांगण्याची गरज नाही. रोपवाटिकेतील संत्र्याची हजार कलमे जपली आणि बहरास आलेली झाडे डिंक्याने जाऊ दिली, तर बाग राहत नाही. मोठे कासव हे बहरास आलेले झाड आहे; त्यास तेथवर पोहोचावयास दहा-पंधरा वर्षे लागलेली असतात.

मोठी कासवे जाळ्यातून बाहेर जावीत यासाठी जे साधन निघाले, त्याची जन्मकथा मला फार बोधप्रद वाटते. ते कोणा शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जन्मले नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील सिंकी बून नावाच्या कोळंबी पकडणाऱ्या मच्छीमाराने १९६० नंतरच्या काळात आपल्या जाळ्यात भरणाऱ्या जेलीफिशच्या गोळ्यांना कंटाळून एक तिरपी जाळी बसविली. बारीक कोळंबी दांड्यांमधून मागे पिशवीत जाई आणि मोठी वस्तू दांड्यांवर आपटून वरच्या अथवा खालच्या झडपेतून बाहेर पडे. जेलीफिशसाठी केलेली ही युक्ती कासवांसही लागू पडते, हे पुढे ध्यानात आले व तीत सुधारणा होत गेल्या. आपल्या देशात कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांस जुळेल असा नमुना तयार केला आहे. रचना अगदी साधी: जाळ्याच्या गळ्यात तिरपी बसविलेली धातूची लंबगोल चौकट, तीत वीतभराहून कमी अंतरावर उभ्या दांड्या आणि बाहेर जाण्यास झडप. आपल्या घरची गहू चाळण्याची चाळणी याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की, येथे वर राहिलेली वस्तू जिवंत असते व तिला स्वतःहून निघून जावयाचे असते.

साधन इतके सोपे असता ते सर्वत्र का वापरले गेले नाही? मच्छीमाराचे म्हणणे असे की, त्या झडपेतून काही मोठी मासळीही निसटते. हे म्हणणे खोटे नाही. डिझेलचा खर्च अंगावर घेऊन समुद्रात गेलेल्या माणसास निसटलेली टोपलीभर मासळी दिसते; वाचलेले कासव त्यास दिसत नाही. या अडचणीवर अमेरिकेने बाजारपेठेचा उपाय योजला. १९८९ साली तेथे कायदा झाला की, कासवांचे रक्षण न करता समुद्रात पकडलेली कोळंबी देशात येऊ द्यावयाची नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड या देशांनी त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ साली अपील मंडळाने जो निर्णय दिला त्याचा सारांश असा की, कासव वाचविण्याचा हेतू योग्य आहे. परंतु काही देशांना मुदत व साहाय्य देऊन इतरांना ते न देणे हे अन्यायाचे आहे. पुढे २०१९ मध्ये भारतातील समुद्रातून पकडलेल्या कोळंबीस अमेरिकेचे दार बंद झाले. तळ्यात वाढविलेल्या कोळंबीवर ही बंदी नव्हती. आपल्या द्राक्ष बागाईतदारांना २०१० साली असाच धडा मिळाला होता. क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात त्यांचा माल अडला आणि फवारणीच्या नोंदींकडे कधी न पाहणारेही वह्या ठेवू लागले.

बाजारपेठेचा बडगा कामास येतो, हे मी नाकारीत नाही. परंतु तो बडगा दूर देशातून येतो, उशिरा येतो आणि ज्याने कासव सोडले त्यावर व ज्याने सोडले नाही त्यावर सारखाच पडतो. याहून मला आपल्या राज्याने २०१८ सालच्या डिसेंबरमध्ये सुरू केलेली योजना अधिक शहाणपणाची वाटते. वन विभागाचा कांदळवन कक्ष व मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मिळून असे ठरविले की, जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी मच्छीमाराने जाळे कापून सोडून दिला व त्याचे छायाचित्र पुरावा म्हणून दिले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी त्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावयाची. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असे प्राणी यात येतात. या योजनेचे मर्म असे की, सत्कृत्याची किंमत एकट्या गरिबाने भरू नये, हे शासनाने मान्य केले. पूर्वी जे कासव गुपचूप पाण्यात लोटले जाई, त्याची आता मच्छीमार स्वतः होऊन नोंद करतो. आणि कोणत्या महिन्यात, किती खोल पाण्यात कासवे अधिक सापडतात हे नोंदीवाचून कळावयाचे नाही.

आता आपल्या तलावाकडे वळू. ती योजना सागरी मच्छीमारांसाठी आहे. सेलूच्या तलावावर ज्याने दोन हात जाळे फाडले, त्या वृद्धास तिचा उपयोग नाही. त्याने सोडलेले कासव काही सामान्य नव्हते. पाठीवर मऊ कातडे असलेले व मागील पाय पोटाखालच्या झडपांत झाकून घेणारे हे कासव आपल्या तलावांत, नाल्यांत, विहिरींत पूर्वीपासून आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीस बसते व त्याची शिकार करणाऱ्यास किमान तीन वर्षांची कैद सांगितलेली आहे. त्याचेच एक मोठे भावंड, लीथचे कासव म्हणून ओळखले जाणारे, द्वीपकल्पातील नद्यांत राहते. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत भारताच्याच प्रस्तावावरून कडक बंदी घालण्यात आली. इतका मोठा कायदा ज्याच्या पाठीशी आहे, ते कासव दोन-तीनशे रुपयांच्या तंगुसात रोज बुडते आणि त्याची कोठेही नोंद होत नाही.

नोंद न होण्याचे कारण भय हे आहे. जाळ्यात मेलेले कासव निघाले हे सांगावयास गेलो तर आपल्यावरच खटला होईल, असे भोई व ढिवर बांधवांना वाटते. त्या सकाळी मेलेले कासव काठावरच्या बेशरमीच्या झुडपांत पुरून टाकण्यात आले, आणि मी ते पाहिले म्हणून मंडळी कितीतरी वेळ अस्वस्थ होती. जेथे खरे बोलण्याचे भय आहे तेथे विस्तार कार्यकर्त्याच्या हातात काहीच राहत नाही. यासाठी माझे स्पष्ट मत असे आहे की, गोड्या पाण्यातील मच्छीमार सहकारी संस्थांनाही कोकणातल्याप्रमाणे जाळ्याची भरपाई मिळावी. रक्कम फार लागणार नाही. सागरी जाळ्यापुढे आपल्या तलावातील जाळ्याची किंमत ती किती! आणि तलावाचा ठेका देताना या गोष्टीचा एक सोपा उल्लेख करारात असावा, म्हणजे सोडलेल्या कासवाची बातमी संस्थेच्या सचिवाकडून ग्रामपंचायतीपर्यंत निर्भयपणे येईल.

भरपाई येईतो हातावर हात ठेवून बसावे असे मात्र नाही. तंगूस रात्रभर पाण्यात सोडून घरी जाणे, हेच बुडण्याचे मुख्य कारण आहे. दर दोन-तीन तासांनी जाळे पाहावे, असे सांगणे सोपे. पण दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून आलेल्या माणसास ते सांगताना मलाच संकोच वाटतो. त्यातल्या त्यात दिवस मावळता जाळे लावून निजण्यापूर्वी ते एकदा उचलावे आणि पुन्हा पहाटे लावावे, इतके होण्यासारखे आहे. माशांसाठी लावलेल्या बांबूच्या किंवा जाळीच्या सापळ्याचा प्रश्न त्याहून सोपा आहे. त्याचा वरचा भाग चार बोटे पाण्याबाहेर राहील असा तो बांधावा, अथवा आत झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या बांधून तो तरता ठेवावा. आत सापडलेल्या कासवास तेवढ्या पोकळीत नाक काढता येते व सकाळी ते जिवंत मिळते. फाटके तंगूस पाण्यात टाकून देण्याची सवय तर तात्काळ सोडली पाहिजे. धनी निघून गेला तरी ते जाळे मारीतच राहते. निपचित कासव हाती आले तर मेले असे एकदम समजू नये. सागरी कासवांच्या बाबतीत अशी रीत आहे की, त्यास पोटावर ठेवून मागील भाग वीतभर उंच करावा, सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवावे आणि काही तास वाट पाहावी. फुप्फुसांतील पाणी निथळून कित्येक कासवे पुन्हा हालचाल करू लागतात.

कासवाचा शेतीस उपयोग काय, असा प्रश्न ग्रामसेवक बंधूंना विचारला जाईल. आपले आजोबा विहिरीत कासव सोडीत, ते पाणी स्वच्छ राहावे म्हणून. मेलेले मासे, किडे, गोगलगाई असे जे मिळेल ते हे कासव खाते. गोगलगाईंच्या द्वारे गुरांना यकृतकृमीचा उपद्रव होतो, हे पशुपालकांस ठाऊक आहेच. परंतु तलावात कासवे असली म्हणजे तो रोग थांबतो, असे विधान करण्याचे धाडस मी करणार नाही. महादेवाच्या देवळात गाभाऱ्यापुढील दगडी कासवास हात लावून आत जाणाऱ्या समाजास उपयोगाचा एवढा हिशेब लागेल, असेही मला वाटत नाही.

येथवर मी मच्छीमाराविषयी लिहिले. आता आपल्याच खात्याच्या व आपल्याच बांधावरच्या एका गोष्टीची कबुली देणे प्राप्त आहे. काळ्या जमिनीतील शेततळ्यांना बहुधा अस्तर लागत नाही. परंतु मुरमाड जमिनीत पाणी टिकावे म्हणून प्लास्टिकचे अस्तर, ज्यास गावात पन्नी म्हणतात, ते घालावे लागते. त्या गुळगुळीत उतारावर पाण्याच्या ओढीने आत उतरलेला प्राणी वर चढू शकत नाही. पावसाळ्यात एका तलावातून दुसऱ्याकडे वावरांतून चालत जाणारे कासव, धामण, मुंगूस, कधी हरणाचे पाडसही त्यात अडकते. गुरे व लेकरे यांच्यासाठी आपण कुंपणाचा आग्रह धरतो. पण कुंपणाखालून जाणाऱ्या लहान जिवासाठी बाहेर येण्याची वाट असावी, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. मी कित्येक शेततळी मोजली, उतार तपासला, अस्तराची जाडी पाहिली, कागदांवर सह्या केल्या. जॉर्जियाच्या मच्छीमाराने जाळ्यास झडप ठेवली. माझ्या मोजमापाच्या वहीत तिच्यासाठी रकानाच नव्हता.

उपाय अगदी अल्प खर्चाचा आहे. तळ्याच्या एका कोपऱ्यात काठापासून तळापर्यंत जुन्या तागाची पोती एकापुढे एक शिवून सोडावी, वरचे टोक खुंटीस बांधावे आणि खालच्या टोकास गोल दगड बांधावा. दगडास धार नसावी, नाही तर पन्नी फाटेल. दोरीत आडव्या काठ्या बांधून केलेली शिडी माणसाच्याही उपयोगी पडते, म्हणून ती पोत्यांच्या शेजारीच असावी. ताग पाण्यात कुजतो, तेव्हा दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पोती बदलावी लागतात.

कारंजा तालुक्यातील एका संत्रा बागाईतदाराने गेल्या वैशाखात माझ्या सांगण्यावरून अशी पोती सोडली. पहिल्याच आठवड्यात त्यांवरून काहीतरी वर चढून गेले. कोण ते कोणी पाहिले नाही. काठावरच्या ओल्या मातीत उमटलेली पावले मात्र मुंगसाची होती, असे तो सांगतो. कासवाची वाट आम्ही अद्याप पाहत आहोत.